आई-वडिलांसाठी शुश्रूषा केंद्र पारखताना

घरचे म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले आणि उचलायला घरात दोन धडधाकट माणसे नसली, की शुश्रूषा केंद्र शोधावे लागते. नागपुरात असे केंद्र बघताना फरशी आणि रंगरंगोटीवर जाऊ नका. जे स्वतः तक्रार करू शकत नाहीत, त्यांची तिथे कशी देखभाल होते ते पाहा.

सोबत घ्या : वही, माणसाच्या औषधांची यादी आणि दोन भेटींची सवड. एक भेट सांगून, दुसरी न सांगता.

कृती

१. नोंदणी पाहा. उपचार आणि शुश्रूषा देणाऱ्या ठिकाणाला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू होतो. शहरात ही नोंदणी महापालिकेकडे असते. दर्शनी भागातले प्रमाणपत्र आणि त्याची मुदत वाचा. नुसता वृद्धाश्रम असेल, तर डॉक्टर कोण आणि कोणत्या वारी येतात ते विचारा.

२. दुपारी तीनला जा, जमल्यास मे महिन्यात. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कूलरच्या ताट्या ओल्या आहेत का, टाकी आठवड्याला धुतात का, लाइट गेल्यावर पंखे चालतात का, ते बघा. म्हातारपणी तहान कमी जाणवते, म्हणून उशाशी तांब्या ठेवून भागत नाही. कुणीतरी पाजावे लागते. कोरडी जीभ आणि कॅथेटरच्या पिशवीतली गडद लघवी दिसली, तर पाणी कमी पडते आहे.

३. कूस बदलल्याची नोंद मागा. झोपून असलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. महिन्याभराचे रकाने एकाच शाईत, एकाच बैठकीत भरल्यासारखे दिसले तर सावध व्हा. किती जणांना बेडसोर आहेत आणि ते इथेच झाले का, हे स्पष्ट विचारा.

४. जेवणाच्या वेळी थांबा. आडवे ठेवून भरवल्यास घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बसवून, सावकाश भरवतात का? दर महिन्याला वजन घेतात का?

५. रात्रीची व्यवस्था विचारा. किती जणांमागे एक मावशी जागी असते? कुणी पडले, तर मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात कोण नेते, कोणत्या गाडीने? हातपाय बांधतात का, गुंगीचे औषध कुणाच्या सांगण्यावरून देतात?

६. खर्च लेखी घ्या. डायपर, औषधे, हवेची गादी आणि अनामत परतीची अट त्यात हवी.

७. दाखल केल्यावरही तपासत राहा. दर खेपेला वार आणि वेळ बदलून जा. माकडहाड, खुबे, टाचा स्वतः बघा. लाल चट्टा बोटाने दाबून फिका पडत नसेल, तर ती बेडसोरची सुरुवात असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तक्रारीची दाद लागत नसेल, तर ज्येष्ठांच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर बोला.

८. माणसाची ओळख करून द्या. कोणत्या कुशीवर झोप लागते, चहात साखर किती, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, हे कागदावर लिहून मावशींच्या हाती द्या. आठवड्याने त्यांनाच विचारा. त्यांना न बघता सांगता आले, तर जागा बरोबर निवडली.