कासवासाठी वाफा : काय लावायचं, काय टाळायचं



परिसर अभ्यासात प्राण्यांचं अन्न शिकवताना एखादं मूल हमखास सांगतं, "सर, आमच्या घरी कासव आहे, पोळी खातं." धडा थोडा बाजूला ठेवून इथे बोलायलाच हवं.

आधी कायदा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव, किंवा आपल्या नदी-तळ्यातलं कुठलंही देशी कासव घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. भाग्य आणतं म्हणून कुणी देत असेल तरी घेऊ नका. (हौसच असेल तर पितळी ठेवा, त्याला चारा लागत नाही!) घरात आधीच असेल तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. गिरणेत नेऊन सोडू नका. स्टार कासव जमिनीवरचं, पाण्यात बुडून मरतं. सुलकाटासारख्या परदेशी कासवाची परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

आता नोंद असलेल्या परदेशी कासवाचा चारा. सुलकाटा गवत खाणारा प्राणी. पोळी, भात, बिस्कीट त्याच्या पोटासाठी नाही. कॅल्शियम आणि ऊन कमी पडलं की कवच मऊ, वेडंवाकडं होतं. पालक रोज देऊ नये, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं.

म्हणून वाफ्यात हरळी भरपूर लावा. कडेला जास्वंद (पानं-फुलं दोन्ही चालतात), तुती आणि फड्या निवडुंग. निवडुंगाचे काटे आणि बारीक कुसळं मोठ्यांनीच काढायची, मुलांच्या हाती देऊ नका.

कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी आणि सदाफुली मात्र कासवाच्या तोंडाजवळ नकोत. ही सगळी विषारी आहेत, आणि त्यातली कण्हेर व सदाफुली तर आपल्या शाळांच्या आवारात हौसेनं लावलेली असतात. मुलांना ही झाडं ओळखता येणं हा या पाठाचा खरा गाभा आहे. लहान भावंडं आणि शेळ्यांसाठीही ते उपयोगी.

आपल्या धरणगावकडे आणखी एक धोका आहे. कपाशीच्या बांधावरचं गवत फुकट आणि हिरवंगार मिळतं, पण त्यावर फवारणीचा अंश असतो. ते आणू नका.

तुतीची वीतभर, पेन्सिलीएवढी जाड फांदी पावसाळ्याच्या सुरुवातीला रोवली की सहज जगते. मुलांना दर आठवड्याला नवी पानं मोजून वहीत लिहायला सांगा. झाड नीट रुजेपर्यंत एकही पान तोडायचं नाही.