कार्बाइन एका कैद्याने घडवली का?

प्रश्न : ‘कार्बाइन विल्यम्स’ या १९५२च्या हॉलिवूडपटात जेम्स स्टुअर्ट तुरुंगात बंदूक तयार करताना दिसतो. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेची एम-१ कार्बाइन खरोखर एका कैद्याने शोधली का?

उत्तर : कैदी खरा आहे, त्याची कल्पनाही खरी. पण कार्बाइन त्याने एकट्याने घडवली नाही आणि तुरुंगात तर नाहीच.

डेव्हिड मार्शल विल्यम्स नॉर्थ कॅरोलिनाचा. १९२१मध्ये त्याच्या चोरट्या दारूभट्टीवर धाड पडली, गोळीबारात एक डेप्युटी शेरीफ मारला गेला आणि विल्यम्सला तीस वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगाच्या कार्यशाळेत तो बंदुका बनवत असे. १९२९मध्ये तो सुटला.

कार्बाइनची गरज लष्कराला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जाणवली. ट्रकचालक, तोफखान्यातले गोलंदाज, उखळी तोफा वाहणारे जवान यांच्या हाती काय द्यायचे? गॅरंड रायफल चार किलोंहून जड, तर पिस्तुलाचा नेम लांबवर चालत नाही. म्हणून १९४०मध्ये लष्कराने मागणी नोंदवली : वजन सुमारे सव्वादोन किलो, मारा तीनशे यार्ड. विंचेस्टर कंपनीने या नव्या बंदुकीसाठी काडतूस तयार केले, बंदुकीच्या स्पर्धेत मात्र ती उतरली नाही. १९४१च्या पहिल्या चाचण्यांत कुणाचीच बंदूक पसंत पडेना, तेव्हा लष्करी अधिकारी रेने स्टडलर यांनी विंचेस्टरला गळ घातली.

विल्यम्स तेव्हा तिथेच नोकरीला होता. त्याची देणगी म्हणजे आखूड धक्क्याचा पिस्टन. गोळी सुटताना नळीतला थोडा वायू एका छोट्या पिस्टनवर आदळतो. पिस्टन जेमतेम काही मिलिमीटर सरकतो, पण त्या फटक्याने मागचा सरक-दांडा स्वतःच्या वेगाने मागे जातो आणि पुढचे काडतूस भरले जाते. लांब, जड दांड्याची गरज उरत नाही. ही युक्ती फार सुंदर आहे.

तरी पहिला नमुना उभा केला तो विल्यम रोमर, फ्रेड ह्यूमस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अवघ्या तेरा दिवसांत! बोल्ट गॅरंडच्या धर्तीचा, घोड्याची रचना विंचेस्टरच्याच १९०५च्या रायफलीवरून घेतलेली. एकट्याने काम करायची सवय असलेला विल्यम्स मुख्यतः पुढच्या नमुन्याच्या वेळी कामात आला. ऑक्टोबर १९४१मध्ये लष्कराने कार्बाइन स्वीकारली. रोमर आणि ह्यूमस्टन यांची नावे लोकांपर्यंत पोहोचली नाहीत, हा मला अन्याय वाटतो.

पुढे कारखानेही कितीतरी लागले. टाइपरायटर करणारी अंडरवूड, ज्यूकबॉक्स करणारी रॉक-ओला, आयबीएम, जनरल मोटर्सचा इनलँड विभाग या सगळ्यांनी कार्बाइन बनवल्या. महायुद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या साठ लाखांवर गेली, गॅरंडपेक्षाही जास्त.