आफ्रिकेच्या लोकांविषयी आपण कसे बोलावे?

मनुष्य दुसऱ्याविषयी सहज जे बोलतो त्यावरून त्याच्या मनातील मोजमाप कळते. सभेत केलेले भाषण तो तोलून करितो. परंतु आगगाडीच्या डब्यात, बाजारात अथवा ओट्यावर बसून केलेले बोलणे तो तोलीत नाही. म्हणून ह्या पाठात आपण आपले हे न तोललेले बोलणेच तपासणार आहो.

नवी मुंबई हे शहर सिडको ह्या संस्थेने १९७० नंतर वसविले. ह्या शहरात आज आफ्रिका खंडातील निरनिराळ्या देशांतून आलेले काही विद्यार्थी व व्यापारी राहतात. आपल्या गावांतील पुष्कळ तरुण तेथे नोकरीस असतात. ते सुटीत घरी येतात तेव्हा शहरातील बोलणेही बरोबर आणतात. त्या बोलण्यात आफ्रिकी मनुष्य बहुधा दोनच रूपांनी येतो. एक, भयाचे कारण. दुसरे, दयेचा विषय. कोणी म्हणतो, त्यांस घर भाड्याने देऊ नये. कोणी म्हणतो, बिचारे उपाशी देशातले. त्यांच्यात पुढारी, शास्ते, शिक्षक व कारागीर झाले व आहेत, हे तिसरे बोलणे मात्र क्वचितच ऐकू येते. आणि नवल असे की, त्याची साक्ष आपल्या महाराष्ट्राच्याच भूमीवर आहे.

१. एका शब्दाची गोष्ट

नवी मुंबईतील बेलापूरच्या पडक्या किल्ल्याशी सिद्द्यांचे नाव जोडले जाते. त्याच किनाऱ्याने दक्षिणेस गेले असता मुरूडजवळ समुद्रात जंजिरा उभा आहे. तेथे आफ्रिकी वंशाच्या सिद्दी घराण्याने पिढ्यानपिढ्या राज्य केले व ते संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. मराठ्यांनी अनेकदा प्रयत्न करूनही तो किल्ला त्यांच्या हाती लागला नाही. पन्हाळ्यास १६६० साली वेढा घालणारा सिद्दी जौहर सर्वांस ठाऊक आहे; पण शिवाजी महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल किती जणांस ठाऊक आहे?

ह्या लोकांस जुन्या कागदांत ‘हबशी’ म्हटले आहे. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया देश. तेव्हा हबशी हा शब्द मुळात शिवी नव्हे. कोकणातला तो कोकणी, तसा हबशातला तो हबशी. तो शब्द आपल्या तोंडी हिणविण्याचा झाला, हा दोष शब्दाचा नाही.

२. मलिक अंबर

इथिओपियात १५४८ च्या सुमारास एक मुलगा जन्मला. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. अनेक धन्यांच्या हातांतून बगदादसारख्या शहरातून फिरत तो अखेर दख्खनेत आला व अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्याने त्यास विकत घेतले. हा धनी स्वतःही हबशीच होता. त्याच्या मरणानंतर तो तरुण मोकळा झाला, शिपाईगिरी करू लागला व थोड्याच काळात शेकडो घोडेस्वारांचा नायक झाला. तोच मलिक अंबर.

मोगलांनी १६०० साली अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा निजामशाही बुडाली असेच सर्वांस वाटले. मलिक अंबराने मुर्तझा निजामशहास गादीवर बसविले, पांगलेली फौज गोळा केली व पुढे पाव शतक मोगलांस दख्खन नीट पचू दिली नाही. थोड्या, चपळ स्वारांनी मोठ्या सैन्याची रसद तोडावी, त्यास डोंगरात ओढावे व थकवावे, ही त्याची रीत होती. आणि तिच्यात मराठे स्वार त्याच्या बरोबर होते. अहमदनगरजवळ भातवडी येथे १६२४ साली मोगल व विजापूर ह्यांच्या एकवटलेल्या फौजांवर त्याने जय मिळविला. त्या लढाईत त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूची वाट चिखलाची केली. शहाजीराजे भोसले त्या दिवशी त्याच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले.

परंतु तलवारीपेक्षा त्याची दुसरी कामे आपल्या शेतकरी वाचकांनी अधिक ध्यानात घ्यावी. सारावसुलीचा मक्ता देण्याची चाल त्याने मोडली. जमिनीची प्रत व प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविण्याची व्यवस्था लाविली. त्या जमाबंदीचे नाव मराठी मुलखात पुढे फार काळ टिकले. त्याने १६१० साली खडकी हे गाव राजधानी म्हणून वसविले. तेथे पाण्याची टंचाई होती. म्हणून डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणिले. हीच नहर-ए-अंबरी. त्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले व २०२३ पासून त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. मलिक अंबर १६२६ साली वारला; खुलताबाद येथे त्याची कबर आहे.

३. बादशहाची जीभ

आता आपल्या विषयाचे मर्म पाहू. जहांगीर बादशहास हा मनुष्य रणात जिंकिता आला नाही. तेव्हा त्याने काय केले? आपल्या आत्मचरित्रात त्याच्या रंगावरून त्यास हिणविले. आणि अंबराच्या छाटलेल्या शिरावर आपण बाण मारीत आहो असे चित्र दरबारच्या चित्रकाराकडून काढून घेतले. ते चित्र आजही आहे. पण चित्रातील ती गोष्ट कधीच घडली नाही. अंबर आपल्या वयाच्या ऐंशीच्या घरात, अधिकारावर असतानाच मेला. त्याच्या मरणानंतर त्याच मोगल दरबारातील इतिहासकार मुतमदखान ह्याने लिहून ठेविले की, युद्धकलेत, हुकमतीत व राज्यकारभारात ह्या मनुष्यास जोड नव्हती.

ह्यावरून दोन गोष्टी कळतात. जेथे मनुष्याच्या कामाचे उत्तर देता येत नाही तेथे जीभ त्याच्या कातडीकडे वळते. आणि बोलणाऱ्याची शिवी किती काळ टिकेल हे त्याच्या हाती नसते. काम मात्र टिकते.

४. शरणपूरचे विद्यार्थी

नाशिकजवळील शरणपूर आपल्या पुष्कळ वाचकांस परिचित आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनी ते १८५४ साली वसविले. त्या काळी इंग्रजांची लढाऊ गलबते अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडीत व सोडविलेली मुले मुंबईस आणीत. त्यांतील पुष्कळ मुलामुलींस शरणपूरच्या आफ्रिकी आश्रमात लिहिणे, वाचणे, सुतारी, लोहारी इत्यादी शिकविले गेले. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली येथे येऊन ह्यांतील नऊ तरुणांस आपल्या प्रवासावर घेऊन गेले. जेम्स चुमा हा मुलगा मुंबईत डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत होता. अब्दुल्ला सुसी मुंबईच्या गोदीत काम करीत होता. तेही त्यांच्याबरोबर गेले. नाशिकास शिकलेला जेकब वेनराइट पुढे १८७२ साली त्यांस जाऊन मिळाला.

मे १८७३ च्या आरंभी, आज झांबिया देशात असलेल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावले. भोवती परका मुलूख. गोरा अधिकारी कोणी नाही. त्या साठेक आफ्रिकी माणसांनी आपसांत विचार करून ठरविले की, देह व कागदपत्रे किनाऱ्यास न्यावयाची. हृदय तेथेच झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली व झाडावर लेख कोरला. देह मिठाने व उन्हाने सुकवून कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधिला. वाटेत उन्यानयेंबे येथे लेफ्टनंट कॅमेरून हा इंग्रज अधिकारी भेटला. देह येथेच पुरावा असे त्याने सुचविले. त्यांनी ते मानले नाही. हजारांहून अधिक मैल चालून फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोस पोहोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले तेव्हा शवपेटीजवळ जेकब वेनराइट होता. चुमा व सुसी ह्यांस मात्र तेव्हा कोणी नेले नाही. ते मागाहून इंग्लंडात गेले व लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशांचे पुस्तक सिद्ध करण्यास त्यांनी साहाय्य केले.

ही गोष्ट शाळांतून व देवळांतून पुष्कळदा सांगितली गेली आहे. परंतु ‘विश्वासू चाकर’ ह्या दोन शब्दांत ती संपविली जाते. वाचकहो, येथे थोडे थांबा. साठ माणसांचा तांडा नऊ महिने एकत्र ठेवणे, दुष्काळ, रोग व शत्रू ह्यांतून वाट काढणे, अधिकाऱ्याचा सल्ला विनयाने पण ठामपणे नाकारणे, हे केवळ इमानाचे काम नव्हे. हे पुढारीपण आहे. हेच काम कोणा युरोपियन कप्तानाने केले असते तर आपण त्यास चाकर म्हटले असते काय? निंदेने मनुष्य लहान होतो तसा उण्या स्तुतीनेही होतो.

५. रबई येथील काम

शरणपूरचे दुसरे दोन विद्यार्थी, विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर, १८६४ सालीच मोंबासाजवळ रबई येथे कामास गेले होते. १८७५ साली मोंबासाजवळ फ्रियरटाऊन ही मुक्त गुलामांची वसाहत स्थापन झाली, तेव्हा नाशिकास शिकलेले दीडशेच्या सुमारास आफ्रिकी लोक तेथे गेले. पूर्व आफ्रिकेत त्यांस ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत. शिक्षक, दुभाषे, सुतार, लोहार व उपदेशक ही कामे त्यांनी केली. जोन्स व सेमलर ह्यांस १८८५ साली डीकनपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन बुसोगा येथे मारले गेले, तेव्हा मागे राहिलेल्या तांड्यास जोन्स ह्यांनीच किनाऱ्यास परत आणिले.

रबई येथे धन्यांपासून पळालेल्या गुलामांस जोन्स ह्यांनी आसरा दिला. हे लोक चौदाशेच्या आसपास होते. त्यांच्या धन्यांस भरपाई देऊन १ जानेवारी १८८९ रोजी त्यांस मुक्ततेचे दाखले देण्यात आले. जो स्वतः विकला गेला होता त्याने इतरांस विकले जाण्यापासून राखिले.

आणखी एक कटू गोष्ट लपविणे बरे नव्हे. ह्या सेवकांचे वेतन व मान युरोपियन सोबत्यांच्या बरोबरीचे नव्हते आणि त्यांनी त्याविषयी तक्रारही केली. अर्थात, भले करणाऱ्यांच्याही बोलण्यात व वागण्यात उच्चनीच भाव शिरतो.

६. आजची आफ्रिका

हे सर्व जुने झाले असे कोणी म्हणेल. तर आजचे पाहा. संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेची ५४ राष्ट्रे सभासद आहेत. ‘आफ्रिका’ हा एक देश नव्हे. घानाचे कोफी अन्नान १९९७ ते २००६ ह्या काळात त्या संघाचे सरचिटणीस होते. केनियाच्या वांगारी माथाई ह्यांनी १९७७ साली खेड्यांतील स्त्रियांकडून झाडे लावविण्याची चळवळ आरंभिली व २००४ साली त्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. नायजेरियाच्या एन्गोझी ओकोन्जो-इवेआला २०२१ साली जागतिक व्यापार संघटनेच्या प्रमुख झाल्या; त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री होत. रवांडाच्या लोकसभागृहात २००८ पासून स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आहे. साध्या मोबाइलवरून पैसे पाठविण्याची ‘एम-पेसा’ ही सोय केनियात २००७ साली सुरू झाली. आपल्या देशात यूपीआय २०१६ साली आली. भाजीवाल्यास मोबाइलवरून पैसे देताना हे आठवावे.

दुष्काळ, युद्धे व लाचखोरी तेथे नाहीत असे आमचे म्हणणे नाही. ती आहेत, जशी इतरत्रही आहेत. परंतु घराचे केवळ गळते छप्पर दाखवून घराचे वर्णन पूर्ण होत नाही.

७. बोलण्याचे चार नियम

पहिला: देशाचे नाव घ्यावे. समोरचा मनुष्य टांझानियाचा की नायजेरियाचा, हे विचारावे. सर्व हिंदी लोकांस परदेशी कोणी एकाच प्रांताचे म्हणाले तर आपणांस रुचत नाही.

दुसरा: एकाचा अपराध त्याच एकाच्या नावे लिहावा. वर्तमानपत्रात कोणा परदेशी मनुष्याच्या अटकेची बातमी येते. अपराध्यास कायद्याने शिक्षा व्हावी. परंतु तेवढ्यावरून शेजारच्या विद्यार्थ्याचे घर काढून घेणे हा न्याय नव्हे. नैरोबीत मराठी माणसांचे महाराष्ट्र मंडळ आहे. तेथील आपल्या लोकांस जो न्याय आपण इच्छितो, तोच येथे द्यावा.

तिसरा: कामाचे श्रेय करणाऱ्यास द्यावे. ‘लिव्हिंग्स्टनचे चाकर’ न म्हणता ‘चुमा व सुसी’ म्हणावे.

चौथा: मुलांसमोर विशेष जपावे. रंगावरून केलेली थट्टा मोठा मनुष्य विसरतो; मूल ती शिकते व रस्त्यात तिचा उपयोग करिते.

विचारासाठी प्रश्न

१. मलिक अंबराच्या कामांपैकी आपल्या गावास आज कोणते अधिक उपयोगी पडेल, पाण्याचे की जमाबंदीचे? का?

२. लेफ्टनंट कॅमेरूनचा सल्ला नाकारताना चुमा, सुसी व त्यांचे सोबती ह्यांनी पुढारीपणाचे कोणते गुण दाखविले?

३. शरणपूरच्या विद्यार्थ्यांची नावे आपल्या मंडळीतील किती जणांस ठाऊक आहेत? ती मुलांस कशी सांगता येतील?

४. आपल्या घरी गेल्या महिन्यात परक्या देशाच्या अथवा परक्या रंगाच्या मनुष्याविषयी काय बोलणे झाले? तो मनुष्य तेथेच बसला असता तर ते तसेच झाले असते काय?