साखळीची मोजणी

कापडे गावात भाताची खाचरे आहेत. डोंगरउतारावर वरकस जमीन आहे. आपला बांध कुठवर, हे शेतकरी डोळ्यांनी सांगतो. पण भावाभावांत वाटणी निघाली की डोळा पुरत नाही. मग जमीन मोजावी लागते.

पूर्वी जमीन बिघ्यात मोजत. पण बिघा सगळीकडे सारखा नव्हता. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. तिथे सारा फार जड झाला होता. जमिनी पडीक पडल्या होत्या. त्यांनी शेत न् शेत मोजले. मातीचा कस पाहिला. शेताला नंबर दिला. सारा ३० वर्षांसाठी ठरवला. पुढे ही पद्धत कोकणातही आली.

मोजायला लोखंडी साखळी असे. तिची लांबी ३३ फूट. तिचे १६ भाग, एकेक भाग म्हणजे एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

मोजणीने शहरेही वसली. १८३७ साली कर्नल लाइट याने ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहराची जागा मोजली. दोन महिन्यांत रुंद रस्ते, चौक आणि एकेक एकराचे हजारावर तुकडे आखले. भोवती मोकळे रान ठेवले. काम नेटके झाले. पण तिथे आधीपासून कौर्ना लोक राहत होते. त्यांची जमीन नकाशावर दुसऱ्यांची झाली!

म्हणजे साखळी जमीन मोजते. ती कोणाची, हे कागद सांगतो. आपल्याकडेही खोतीच्या गावांत पुष्कळ कुळे जमीन कसत, पण कागदावर मालकी त्यांची नव्हती. १९४९ साली खोती रद्द करण्याचा कायदा झाला.

तेव्हा सातबारा स्वतः वाचा बरं का! सात नंबरात जमीन कोणाची ते असते. बारा नंबरात पीक असते. क्षेत्र आता हेक्टर-आरमध्ये लिहितात. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. नाव, गट नंबर आणि क्षेत्र बरोबर आहे ना? चूक दिसली तर लगेच तलाठ्याकडे लेखी अर्ज करा. हद्दीचा दगड कोणी हलवू नये, आपणही हलवू नये.

प्रश्न
१. साखळी किती फूट लांब होती?
२. अडीच एकर म्हणजे किती गुंठे?
३. तुमच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत? ती वहीत लिहा.