इंग्रजी पत्रव्यवहारातील कालवाचक शब्द : एक अभ्यास

शार्ङ्गधरसंहितेत औषधसेवनाचे पाच काल वर्णिले आहेत. कालाचा इतका सूक्ष्म विचार करणारे आपण वैद्य, परप्रांतीय वा परदेशस्थ रुग्णास इंग्रजीत सूचना लिहिताना मात्र कालवाचक शब्दांतच चुकतो. मराठी वाक्याचे शब्दशः रूपांतर हे त्याचे मुख्य कारण होय, असे आम्हांस वाटते.

१) पर्यंत : ‘सोमवारपर्यंत काढा घ्यावा’ येथे क्रिया सोमवारपर्यंत चालू राहते. ‘सोमवारपर्यंत मागणी नोंदवावी’ येथे ती सोमवार संपण्यापूर्वी एकदाच पूर्ण व्हावयाची असते. मराठीत शब्द एकच. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘अंटिल’, तर दुसऱ्यासाठी ‘बाय’. ‘टेक इट बाय मंडे’ असे लिहिल्यास रुग्ण एक मात्रा घेऊन थांबण्याचा संभव आहे. सोमवारची मात्राही अभिप्रेत असल्यास ‘अप टू अँड इन्क्लूडिंग मंडे’ असे स्पष्ट लिहावे.

२) पासून : ‘तीन दिवसांपासून ज्वर आहे’ याचे ‘शी हॅज फीवर सिन्स थ्री डेज’ हे रूपांतर सर्रास आढळते. ‘सिन्स’ आरंभबिंदू दाखवितो, ‘फॉर’ कालावधी. म्हणून ‘शी हॅज हॅड अ फीवर फॉर थ्री डेज’ किंवा ‘सिन्स मंडे’ असे लिहावे.

३) आत : ‘३० दिवसांच्या आत माल परत करावा’ यासाठी ‘विदिन थर्टी डेज’ हवे. ‘इन थर्टी डेज’ याचा अर्थ ३० दिवसांनी असाही घेतला जातो. मुदत कोठून मोजावयाची तेही लिहावे. जसे, ‘विदिन थर्टी डेज ऑफ डिलिव्हरी’.

४) आठ दिवस : आपल्याकडे आठ दिवस म्हणजे आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. ‘एट डेज’ वाचणारा मात्र आठच दिवस मोजतो. पुड्या सात आणि सूचना आठ दिवसांची, असे झाल्यास औषधविक्रेता व रुग्ण दोघेही संभ्रमात पडतात. येथे ‘वन वीक’, ‘टू वीक्स’ हेच योग्य.

सारांश, लिहिण्यापूर्वी आपण दोन प्रश्न विचारावेत. क्रिया चालू राहणार की एकदाच होणार? सांगावयाचा तो आरंभ की कालावधी? तरीही शंका उरल्यास सरळ दिनांक लिहावा आणि महिना अक्षरी द्यावा. कारण ५/६ हा आकडा आपल्यासाठी ५ जून असला, तरी अमेरिकेतील वाचकासाठी तो ६ मे ठरतो. मात्रेइतकीच मुदतही निःसंदिग्ध असणे, हे चिकित्सेचेच अंग आहे.