देहयष्टी आणि स्तनाचा कर्करोग

स्तनाच्या कर्करोगाचा धोका कोणाला अधिक, याचे थोडेसे उत्तर देहयष्टीतही सापडते. ब्रिटनमधील दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत, उंचीच्या दर १० सेंटिमीटरला हा धोका सुमारे १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. उंची हे स्वतः कारण नव्हे. बालपणातील पोषण आणि वाढीची संप्रेरके यांची ती खूण मानली जाते.

उंची बदलता येत नाही. म्हणून आम्ही अधिक लक्ष वेधू इच्छितो ते कमरेकडे. पाळी कायमची थांबल्यानंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होते आणि या रोगाच्या अनेक गाठी त्यावरच पोसतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या अभ्यासात नितंबांच्या तुलनेत कमरेचा घेर मोठा असलेल्या स्त्रियांत धोका वाढलेला आढळला. वजनकाटा हे सांगत नाही; शिंप्याची साधी मोजपट्टी सांगते. स्तनांच्या बाह्य आकारावरून मात्र काहीच ठरवू नये.

आणि सडपातळ, ठेंगण्या स्त्रीलाही हा रोग होतोच. “दुखत नाही, मग डॉक्टरला काय दाखवायचे?” असे म्हणत आपल्या आया-बहिणी गाठ लपवतात, वास्तविक सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. मुंबईतच झालेल्या एका चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यात पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्या तपासणीला कोणतेही यंत्र लागले नव्हते.