शाळेच्या समितीत आपली निम्मी जागा

तायांनो, गटाची बैठक आपण प्रोसिडिंग लिहिल्याशिवाय उठवत नाही. मग शाळेच्या समितीच्या रजिस्टरवर न वाचताच सही का करतो?

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याच्या कलम 21 प्रमाणे जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के आई-वडील किंवा पालक हवेत आणि एकूण सभासदांत 50 टक्के महिला. कागदावर आपली नावं असतात, पण बोलतं कोण? बऱ्याच ठिकाणी कारभारीच! अनुदान कुठे खर्च झालं हे बघणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम आहे. शौचालयाला पाणी नाही, दोन वर्गांना एकच शिक्षक, हे त्यात लिहायचं.

2023 मध्ये शिक्षण विभागाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. आपल्या वाड्या-पाड्यांवर अशाच शाळा आहेत. खरं तर पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, असा नियम आहे. गाडी देऊ म्हणतात. पण ओढा भरला की गाडी येत नाही, आणि सगळ्यात आधी घरी बसते ती मुलगी. पारावर कितीही भांडलो तरी त्याची नोंद होत नाही. म्हणून समितीत ठराव लिहून घ्या, तोच विषय ग्रामसभेत मांडा, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. पुढच्या बैठकीला येताना आपल्या शाळेचा पट किती, तेवढं विचारून या.